अक्का, आबांनी नातीला उचलून घेतलं

अक्का नमस्कार. आबांच्या सलाईनला होतात त्या नर्स तुम्ही, तुमचं नाव इथं लिहीत नाही, पण वाचलं की तुम्हाला कळंलच. खानापूरचे आबा, मानेत गाठी, फॉलिक्युलर लिम्फोमा म्हणजे बी नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, तेच.

पहिल्या दिवशी रिटुक्सिमॅबचं सलाईन लागलं आणि आबा थंडीनं कुडकुडायला लागले, आमचा जीवच गेला, तुम्ही ड्रिप थांबवून डॉक्टरांना बोलावलंत आणि सगळं निवळल्यावर सावकाश परत सुरू केलंत. मग आबांच्या शेजारी बसून सांगितलंत, तुमची मायबोली कन्नड तरी मराठीतनंच, की फॉरेस्टवाले तोडायच्या झाडावर शिक्का मारतात नव्हं का आबा, तसं हे औषध त्या बी पेशीवरच्या सीडी 20 ह्या खुणेला जाऊन चिकटतंय, मग तुमच्याच अंगातले शिपाई येऊन ती पेशी पाडतात. आबांचा जन्म जंगलाकडंला गेलाय, लगेच विचारलं, चांगली झाडं पडली तर? तुम्ही खोटं बोलला नाही. पडतात म्हणालात, चांगल्या बी पेशींवरपण तीच खूण असते, पण त्या जिथनं तयार होतात त्या मूळ पेशींवर नसते, म्हणून काही महिन्यांनी नवीन येतात, तोवर इन्फेक्शनला जपायचं. हे इतकं सरळ आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

नंतर मानेला शेक, म्हणजे मशीननं किरणं देतात ते, 12 सिटिंगमध्ये मिळून 24 ग्रे इतका डोस. तोंडावर जाळीचा मास्क आवळला की आबा डोळे मिटून घ्यायचे. ते सोसलं त्यांनी, पण घरी आले की नातीला जवळ घेईनात. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवलेला, रिटुक्सिमॅबसारख्या पेशीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीलाच यट्रियम-90 हा किरणं देणारा पदार्थ जोडून सलाईनमधनं देतात त्याचा, झेव्हालिन म्हणून औषध, अमेरिकेत 2002 ला मंजूर झालेलं. आबांनी धरलं की आपल्याही अंगातनं किरणं निघतात. दोन वर्षांची पोर आबा आबा करत दारात रडायची आणि हे आत तोंड फिरवून बसायचे, बघवत नव्हतं.

शेकाच्या विभागात तुमची ड्युटी नव्हती अक्का, तरी जेवणाच्या सुट्टीत खाली आलात आणि आबांना म्हणालात, त्या औषधात किरणं देणारा पदार्थच रक्तात जातो, त्याची ताकद 64 तासांनी अर्ध्यावर येते, तुमचं तसं नाही आबा, तुमची किरणं बाहेरच्या मशीनमधनं येतात, मशीन बंद की किरणं बंद, बल्ब घालवल्यासारखं, अंगात काही उरत नाही, आजच पोरीला मांडीवर घ्या.

त्या संध्याकाळी घेतलं. अंगणात, एक तासभर, हलायला तयार नव्हते.

फार फार आभार अक्का. पुढच्या स्कॅनला येताना आबा तुमच्यासाठी घरचा फणस आणणार आहेत, कापा आवडतो का बरका तेवढं कळवा.