अकरा वर्षांनंतरची भेट

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा खर्डा मी दोनदा वाचला. पहिल्या वेळी पुढे काय होते या ओढीने रात्री दोन वाजेपर्यंत जागले, आणि दुसऱ्या वेळी तू सांगितल्याप्रमाणे पेन्सिल हाती घेतली. दुरावलेल्या दोघांची पुन्हा गाठ पडण्याची गोष्ट माझ्या मनाला नेहमीच भिडत आली आहे, त्यामुळे हे पत्र लांबले तर कंटाळू नकोस.

आधी मोठ्या हरकतीचे सांगते. नायिकेची पत्रे लपवून ठेवणारी ती आत्या कादंबरीतून काढून टाक. एका दुष्ट बाईने पत्रे दडवली म्हणून दोघे अकरा वर्षे दूर राहिले आणि ती पत्रे सापडताच सारे सुरळीत झाले, असे घडले की त्या अकरा वर्षांना काही किंमतच उरत नाही. दोघांपैकी कोणीच काही केलेले नसते, तेव्हा कोणाला क्षमा करायची नसते आणि कोणी बदलायचेही नसते. शिवाय तू निवडलेल्या काळाला खलनायिकेची गरजच नाही. दुराव्याची सगळी कारणे त्या काळातच आहेत, फक्त तू ती पार्श्वभूमीला ठेवलीस.

तुझी नायिका १८०२ मध्ये एकोणीस वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील मुलीने वडिलांच्या संमतीवाचून परवाना काढून केलेला विवाह रद्दबातल ठरत असे. आणि चर्चमध्ये तीन रविवारी जाहीर घोषणा करून विवाह करायचा म्हटले, तर वडिलांना सर्वांसमक्ष हरकत घेता येत असे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणूनच सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळून जाणाऱ्या जोडप्यांची रीघ लागे. वाचक पहिल्याच प्रकरणात विचारणार की ही दोघे तिथे का गेली नाहीत. त्याचे उत्तर तिच्या स्वभावातून येऊ दे. तिला लपूनछपून काही करायचे नाही, एकवीस पूर्ण होईपर्यंत थांबायची तिची तयारी आहे, आणि दोन वर्षे म्हणजे कितीशी, असे तिला मनापासून वाटते आहे. मार्च १८०२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात आमियाँचा तह झालेला आहे, युद्ध थांबले आहे, इंग्रज प्रवासी हौसेने पॅरिस पाहायला निघाले आहेत. एका धनिक तरुणाचा शिक्षक म्हणून नायकाने फ्रान्सला जाणे आणि चार पैसे गाठीला बांधून परत येणे, यात त्या वेळी कोणालाही धोका दिसला नसता. तिचा हिशेब चुकीचा नव्हता.

मे १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटले आणि नेपोलियनने फ्रान्समध्ये असलेल्या अठरा ते साठ वयाच्या इंग्रज पुरुषांना अटकेत ठेवण्याचा हुकूम काढला. सैनिक नसलेली, नुसती प्रवासाला आलेली माणसेही त्यात सापडली. पुढे त्यांच्यापैकी पुष्कळांना व्हर्दून या गावी ठेवण्यात आले, आणि अनेकांची सुटका व्हायला १८१४ साल उजाडावे लागले. एवढा मोठा विषय तू दीड पानात गुंडाळलास याची मला फार हळहळ वाटली. तो तुरुंग नव्हता. शब्दावर मोकळे सोडलेले हे लोक गावात भाड्याच्या खोल्यांत राहत, ठरल्या वेळी हजेरी देत, आणि वेशीबाहेर जायचे तर परवानगी मागत. तिथे जुगार चाले, काही जण कर्जात बुडाले, काहींनी फ्रेंच स्त्रियांशी संसार मांडले. तुझा नायक चोवीस-पंचविशीपासून छत्तिशीपर्यंतची वर्षे तिथे काढतो आणि आहे तसा परत येतो, हे मला पटत नाही. हजेरीच्या वेळेला त्याची नजर आपोआप दाराकडे वळली पाहिजे. बोलताना आधी फ्रेंच शब्द ओठांवर यावा आणि मग त्याने तो मागे घ्यावा. अशा दोन-तीन खुणा पुरेत, पण त्या हव्यात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. संबंध तिने स्वतःच्या हाताने तोडलेला असू दे. त्या समाजात वाग्दान मोडण्याची मोकळीक स्त्रीला होती. पुरुषाने शब्द मोडला तर त्याची अब्रू जाई आणि त्याच्यावर वचनभंगाचा दावाही होऊ शके. म्हणजे कैदेतला तो, आपण कधी सुटू हे ठाऊक नसताना, तिला 'माझी वाट पाहू नकोस' असे फार तर सुचवू शकतो. पण शब्द परत करणे तिच्याच हातात आहे. १८०६ मध्ये, युद्धाचा शेवट दृष्टिपथात नसताना, ती त्याला एकच कागद लिहिते आणि त्याला वचनातून मोकळे करते. तिने मोकळे केले, आणि त्याने मात्र 'तिने मला सोडले' असे वाचले. तुझी सगळी कादंबरी या दोन क्रियापदांमधल्या अंतरात आहे, असे मला वाटते. तिचे पत्र खोटे नव्हते आणि त्याचे दुःखही खोटे नव्हते. भेट झाल्यावर उलगडा करायला इथे कोणतेही रहस्य नाही. दोघांनी एकमेकांसमोर बसून आपापले खरे सांगायचे आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यायचे आहे, आणि ते फार अवघड असते.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. तुझ्या बाबांना हे ठाऊक आहे, म्हणून तुलाही सांगायला हरकत नाही. लग्नापूर्वी मला ज्यांच्याविषयी ओढ होती, ते गृहस्थ मला बावीस वर्षांनी एका प्रतीक्षालयात भेटले. आम्ही पंधरा मिनिटे बोललो असू. ते म्हणाले, शेवटच्या भेटीच्या दिवशी मुसळधार पाऊस होता आणि तू काही न बोलता निघून गेलीस. माझ्या आठवणीत त्या दिवशी लख्ख ऊन होते आणि बोलत होते ती मीच. दोघेही प्रामाणिक होतो. इतकी वर्षे आम्ही दोन वेगवेगळे निरोप जपले होते, हे कळल्यावर मला दुःख झाले नाही, पण घरी येईपर्यंत कोणाशी बोलवेना. तुझ्या दोघांच्या आठवणी मात्र शब्दन् शब्द जुळतात. त्या जुळू देऊ नकोस.

किरकोळ चुका लगेच दुरुस्त होतील. १८०२ च्या नृत्यसमारंभात तू दोघांना वॉल्ट्झ करायला लावला आहेस. इंग्लंडमध्ये तो नाच प्रतिष्ठितांच्या घरांत रुजला तो पुढच्या दशकात, आणि तेव्हाही अनेकांच्या भुवया उंचावल्या. समोरासमोर दोन ओळी करून होणारा त्या काळचा नाच तुला अधिक उपयोगी पडेल, कारण आपली पाळी येईपर्यंत जोडीला उभे राहून बोलता येते आणि पाळी आली की वाक्य अर्धवट राहते. पत्रावर तिकीट चिकटवू नकोस. ते १८४० मध्ये आले. त्याआधी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा देई, अंतर आणि कागदांची संख्या पाहून. मुलीच्या नावाने आलेल्या पत्राचे पैसे वडिलांच्या खिशातून जात, म्हणजे घरात कोणाचे पत्र आले हे कधी लपत नसे. तुझ्या आत्याचे काम टपालाच्या दरानेच केले असते.

शेवटच्या प्रकरणाबद्दल माझी एक विनंती आहे. परतल्याच्या पहिल्याच रात्री तो मागणी घालतो आणि ती होकार देते, ही घाई करू नकोस. ती आता एकतीस वर्षांची आहे, आणि तूच तिला मावशीकडून आलेले थोडे उत्पन्न दिले आहेस. त्या काळच्या कायद्यात प्रौढ अविवाहित स्त्री स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शके, करार करू शके; विवाह होताच, आधी वेगळी कागदपत्रे केली नसतील तर, हा अधिकार बहुतांशी पतीकडे जाई. एकोणिसाव्या वर्षी होकार देताना तिला गमावण्यासारखे काही नव्हते. आता आहे, आणि तो रिकाम्या हाताने, कदाचित कर्ज घेऊन आला आहे. त्यांना तो सगळा उन्हाळा दे. १ ऑगस्ट १८१४ ला लंडनच्या उद्यानांत शांततेचा उत्सव झाला, सर्पेंटाइन तलावात लुटुपुटूची आरमारी लढाई झाली, आणि सेंट जेम्स पार्कातला लाकडी पॅगोडा आतषबाजीत पेटून गेला. तिथवर त्यांना चालू दे, भांडू दे, गप्प बसू दे. सगळे आकाशाकडे पाहत असताना तिने आपणहून १८०६ च्या पत्राचा विषय काढला, तर त्याने काय म्हणावे हे मला खरोखर सुचत नाही. ते पान तू लिही आणि बाकीच्या दुरुस्त्यांची वाट न पाहता आधी तेवढेच पाठव.

तुझी,
आई