चित्र लहान छापा, पण अखंड छापा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत डच चित्रकार पीट मोंद्रियान यांच्यावर सविस्तर लेख आला, याचा चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला आनंद झाला. मात्र लेखासोबतचे त्यांचे १९३० सालचे लाल, निळ्या व पिवळ्या रंगांतील चित्र स्तंभात बसवण्यासाठी उजवीकडून आणि खालून कापलेले पाहून फार वाईट वाटले.

मूळ चित्र झुरिचच्या कुन्स्टहाऊस संग्रहालयात असून ते जेमतेम दीड फूट लांबी-रुंदीचे, चौरस आहे. वरचा उजवा भाग लाल रंगाने व्यापलेला, खाली डाव्या कोपऱ्यात निळा आणि उजव्या कोपऱ्यात अगदी चिंचोळा पिवळा, अशी त्याची मांडणी आहे. एवढ्या थोरल्या लालाला तोलून धरण्याचे काम हे दोन छोटे तुकडे, भोवतीचा पांढरा आणि कमी-अधिक जाडीच्या काळ्या रेषा मिळून करतात. पिवळा तर थेट कडेला टेकलेला असल्यामुळे तो चौकटीबाहेरही पुढे गेला असावा, असे वाटत राहते. छापलेल्या चित्रात हा पिवळा उरलेलाच नाही, त्यामुळे सारा तोलच ढळला आहे. निसर्गचित्रातले थोडे आकाश कापले गेले तरी एक वेळ चालते. येथे कडा हाच रचनेचा भाग आहे.

मोंद्रियान रंग-रेषांच्या जागा सूत्राने नव्हे, तर नजरेने ठरवत आणि मनासारखा तोल साधेपर्यंत रेषा सरकवत. त्यांचा पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कॅनव्हास नव्हे. तो रंगवलेला असतो आणि जवळून पाहिल्यास कुंचल्याचे फटकारे दिसतात. छपाईत हे उतरणे कठीण आहे, हे मान्य. कडा राखणे मात्र आपल्या हाती आहे.

संग्रहालयांकडूनही चूक होते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात १९८० पासून असलेले मोंद्रियान यांचे रंगीत चिकटपट्ट्यांचे 'न्यूयॉर्क सिटी १' हे १९४१ सालचे चित्र बहुधा उलटे टांगले गेले आहे, असे २०२२ मध्ये तेथील अभ्यासकांनीच जाहीर केले. जुन्या पट्ट्या निसटतील या भीतीने ते तसेच ठेवले गेले, पण ही गोष्ट लोकांपासून लपवली गेली नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांची तयारी करणारी मुले पुरवणीतली अशी चित्रे कापून वहीत चिकटवतात आणि त्यांवरूनच संकल्पचित्राची (डिझाइनची) मांडणी समजून घेतात. जागा अपुरी असेल तर चित्र लहान छापावे, पण अखंड छापावे; खाली त्याचे साल, मूळ आकार आणि संग्रहालयाचे नाव द्यावे; आणि हे चित्र पुढील अंकात पुन्हा पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध करावे, ही विनंती.

— एक चित्रकला शिक्षक, सातारा