‘नोंद आढळत नाही’ एवढं लिहून द्यायला काय हरकत आहे?

मा. संपादक,

सस्नेह नमस्कार.

अमेरिकेतल्या मुलीने आईवडिलांसाठी किंवा भावाने बहिणीसाठी ग्रीन कार्डची फाइल टाकली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष तिकडे लागतं, तिकडून काय उत्तर येतंय याच्याकडे. पण मी ज्या फाइली जवळून बघितल्या त्या अडल्या आपल्याकडेच, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, ग्रामपंचायतीत, नाहीतर जुन्या शाळेच्या ऑफिसात. आमच्या घरातली फाइल झाल्यावर नात्यातले, ओळखीतले लोक विचारायला यायला लागले, त्यांचे कागद बघता बघता एकच अडचण इतक्या वेळा समोर आली की ती पेपरात यावी असं मनापासून वाटतं. ती म्हणजे जन्माची नोंद सापडत नाही असा लेखी दाखला. तो मागितला की खिडकीवरून उत्तर येतं, ‘नोंदच नाही तर दाखला कसला देऊ?’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिकडचा नातेवाईक आय-१३० अर्ज करतो, तो मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. नंबर लागला की व्हिसा अर्जाची माणशी ३२५ डॉलर आणि हमीपत्राची (येणाऱ्याचा खर्च मी उचलीन अशी तिकडच्या नातेवाइकाची लेखी हमी) १२० डॉलर फी भरायची, डीएस-२६० फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि सगळे कागद स्कॅन करून अपलोड करायचे. त्यांना ते पसंत पडले की मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत, तिथे ओरिजिनल घेऊन जायचे. हमीपत्राचा भाग, म्हणजे आय-८६४, टॅक्सचे कागद, त्यांच्या गरिबी पातळीच्या १२५ टक्के उत्पन्न आहे हे दाखवणं, हे सगळं तिकडची मंडळी करतात आणि उत्पन्न कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो.

खरी ओढाताण जन्माच्या दाखल्यासाठी होते. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि तो बहुतेक राज्यांत लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. आज जे आईवडील मुलांकडे चाललेत त्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म त्याच्या आधीचा, आईच्या माहेरी, घरातच, सुईणीच्या हातचा. नोंद कुणी केली असेल तर केली, नसेल तर नाही, आणि केली असली तरी रजिस्टरमध्ये फक्त बापाचं नाव आणि पुढे ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’, बाळाचं नावच नाही. मग शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली. महाराष्ट्रात १ जूनला किती लोकांचा वाढदिवस असतो हे आपल्याला सगळ्यांना माहितीये, त्यात कुणाचा खोटेपणा नव्हता, सहा वर्षं पूर्ण दिसली पाहिजेत म्हणून ती लिहिली गेली. पण तीच तारीख पुढे पासपोर्टवर आली आणि जुन्या रजिस्टरात कुठे दुसरीच निघाली की अमेरिकन अधिकाऱ्याला दोन माणसं दिसतात.

आता महत्त्वाचं. ही परिस्थिती अमेरिकन सरकारला माहीत आहे. भारतातल्या कागदपत्रांबद्दलच्या त्यांच्या नियमांतच सोय आहे, की जन्मदाखला मिळत नसेल तर संबंधित कार्यालयाचा ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला द्या आणि त्याच्यासोबत दुय्यम पुरावे द्या, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचं किंवा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र वगैरे. आणि आपल्याकडेही असा दाखला कायद्यात आहे. त्याच १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ खाली शोध घेऊन नोंद नसेल तर नमुना क्रमांक १० मध्ये अनुपलब्धता प्रमाणपत्र द्यायचं असतं. म्हणजे मागणारा मागतोय ते नियमातलं आहे, देणाऱ्याकडे त्याचा छापील नमुना आहे, आणि तरी माणूस हात हलवत परत येतो. पंचाहत्तरीच्या आजोबांना मी असं परतताना बघितलंय, फार वाईट वाटतं. काही ठिकाणी तर त्यांनाच उलट सल्ला मिळतो की काका, आता नवीन नोंद करून टाका ना.

या सल्ल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एजंट लोकही हाच देतात. एक वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी द्यायचे, २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलाय. समजा एवढं सगळं करून दाखला मिळाला, तरी त्यावर जन्म १९५२ चा आणि नोंदणी गेल्या महिन्यातली. मुलाखत घेणारा विचारणारच की जुना पुरावा काय आहे, म्हणजे शाळेचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र शेवटी लागतंच. आणि कुणी घाईत खोटा दाखला मिळवून दिला तर विषयच संपला, खोटी माहिती दिल्याचं निघालं तर कायमचा प्रवेश बंद होऊ शकतो. खरा ‘नाही’चा दाखला हा खोट्या ‘आहे’पेक्षा हजारपट बरा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरी अडचण बायकांच्या नावाची. लग्नात नाव बदलायची आपली पद्धत, माहेरची सुमन सासरी सुनंदा होते, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, तिच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. मुलगा आईसाठी अर्ज करतो तेव्हा नातं सिद्ध होतं ते त्याच्या जन्मदाखल्यावरच्या आईच्या नावाने, त्यामुळे हा फरक सरळ फाइलच्या मुळावर येतो. दोन्ही नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, राजपत्रात छापलेला नावबदल, लग्नाचं सर्टिफिकेट, जुनी लग्नपत्रिका, जे असेल ते एकत्र लावावं लागतं. लग्नाची नोंद नसेल तर ती महाराष्ट्रात उशिराही करता येते, त्याला साक्षीदार लागतात आणि भटजी हयात नसतील तर तेवढी लिखापढी जास्त. भावंडांच्या फाइलीत दोघांच्याही जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं जुळावी लागतात. कागद अगदीच तोकडे पडले तर वकिलात डीएनए टेस्ट सुचवू शकते, पण तो खर्च आणि ती धावपळ या वयात नको वाटते.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, ५०० रुपये, वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतं. ते फार आधी काढून ठेवू नका, जुनं झालं की परत काढावं लागतं. पण ज्यांनी आखातात नोकरी केलीय त्यांनी लक्षात ठेवावं, ज्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिलात तिथलाही पोलिसांचा दाखला मागतात आणि तो देश सोडून आल्यावर मिळवणं वेळखाऊ असतं. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं, पण त्यासाठी मोठी रक्कम मोजायची गरज नाही, दोन्ही भाषा नीट येणाऱ्या माणसाने भाषांतर करून, ते बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात असं खाली लिहून सही केली की चालतं.

आणि वेळ. भावंडांच्या, म्हणजे एफ-४ वर्गात भारतीयांची रांग इतकी लांब आहे की २०२५ मध्ये २००६ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. एवढ्या वर्षांत लोक काहीच करत नाहीत, ‘नंबर लागल्यावर बघू’ म्हणतात, आणि मधल्या काळात जी आत्या बाळंतपणाच्या वेळी घरात होती, जिचं प्रतिज्ञापत्र सगळ्यात वजनदार ठरलं असतं, ती जाते. शाळा बंद पडते, जनरल रजिस्टर दुसरीकडे हलतं. नंबर लागल्यावर मात्र एक वर्षात काहीच हालचाल केली नाही तर केस रद्द व्हायची वेळ येते. म्हणून ज्यांचा अर्ज पडलाय त्यांना कळकळीने सांगतो, घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा, शाळेचा निर्गम उतारा आत्ताच काढा, ‘नोंद नाही’चा दाखलाही आत्ताच मागा.

सरकारकडे मागणी साधी आहे. नमुना १० चा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या दिवसांत ऑनलाइन मिळावा, त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत नाव, आईवडिलांची नावं आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतची रजिस्टरं तपासली ते स्पष्ट लिहिलेलं असावं. आणि जुन्या नोंदी शोधणं जमत नाही हे कुणी सांगू नये, २०२३ पासून न्या. शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू रजिस्टरं बाहेर आलीच ना, मोडी वाचणारे बसवले, पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढली. त्याच पानांत जातीबरोबर जन्माची तारीख आणि बापाचं नाव पण आहे. ती गाव आणि सालानुसार सर्वांना शोधता येतील अशी लावली तर कित्येकांना ‘नाही’चा दाखला मागायचीही वेळ येणार नाही, आणि ज्यांची नोंद खरंच नाही त्यांना तो देणाऱ्या क्लार्कलाही शोध घेणं सोपं जाईल. तोपर्यंत निदान प्रत्येक पालिकेने आणि ग्रामपंचायतीने जन्म-मृत्यूच्या खिडकीबाहेर हा दाखला इथे मिळतो अशी पाटी लावावी, त्याला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

आपला नम्र,
एक वाचक