ऐकीव ते ऐकीवच ठेवल्याबद्दल आभार

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

हाँगकाँगमधील शेक किप मेई या वस्तीच्या जुन्या रहिवाशांच्या मुलाखतींचे शब्दांकन पूर्ण झाले, आणि त्यात तुमचा वाटा किती मोठा आहे हे आमच्या छोट्या गटाबाहेर कोणालाच ठाऊक नाही. आपले नाव कुठे छापू नये, ही तुमची इच्छा मी पाळतो आहे. परंतु कँटोनीज भाषेतील व्हिडिओंचे संगणकाकडून शब्दांकन करून घेण्याची वेळ ज्या मराठी अभ्यासकांवर येईल, त्यांना तुमच्या कामाची माहिती व्हावी, म्हणून हे आभार खासगी पत्रातून न मानता सर्वांसमोर मानत आहे.

२५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेईच्या झोपडवस्तीला आग लागली, ५०,००० हून अधिक माणसे बेघर झाली आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये सरकारी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहू लागल्या. मुंबईतील पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्याला या घटनेकडे वळावेच लागते. ती रात्र लहानपणी पाहिलेली माणसे आज फार वृद्ध झाली आहेत. हाँगकाँगमधील सहकाऱ्यांनी त्यांच्याशी केलेल्या संभाषणांचे व्हिडिओ माझ्याकडे आले, तेव्हा मजकूर हाती येण्यासाठी आधी यंत्राचाच आधार घ्यावा लागणार होता.

हा आधार आता मिळू शकतो, हेही लहान नव्हे. ओपनएआयने २०२२ साली खुली केलेली, बोलणे ऐकून मजकूर लिहिणारी व्हिस्पर ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली होती, आणि २०२३ च्या आवृत्तीत कँटोनीजसाठी स्वतंत्र भाषाखूण, म्हणजे ध्वनी कोणत्या भाषेतला आहे हे यंत्राला सांगणारे चिन्ह, आली. अशा खुल्या प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालतात. वृद्धांचे बोलणे कोणत्याही परक्या संकेतस्थळावर चढवायचे नाही, हा तुमचा पहिला आग्रह आम्ही त्यामुळेच पाळू शकलो. मुलाखतींत येणाऱ्या गल्ल्यांची आणि इमारतींची नावे यंत्राला आधीच पुरवावीत, आणि निव्वळ शांततेचे भाग अगोदरच वगळावेत, कारण शांततेच्या जागी यंत्रे कधीकधी कोणीच न उच्चारलेली वाक्ये लिहून ठेवतात, हेही तुम्हीच सुचवले.

पण तुमचे खरे ऋण याहून वेगळ्या कामाचे आहे. हाँगकाँगमध्ये माणसे कँटोनीज बोलतात आणि औपचारिक लेखनात मात्र प्रमाण लेखी चिनी वापरतात, जिची शब्दयोजना आणि व्याकरण दोन्ही बोलीपासून दूर आहेत. तिथल्या दूरचित्रवाणीवरील उपशीर्षकेही बहुधा या लेखी भाषेतच असतात. ध्वनी आणि उपशीर्षके यांच्या जोड्यांवर शिकलेले यंत्र त्यामुळे ऐकलेले जसेच्या तसे न लिहिता त्याचे नीटनेटके लेखी रूप तयार करण्याकडे झुकते. आम्ही वापरून पाहिलेल्या प्रणालींपैकी एकीचा मजकूर वाचायला इतका सुबक होता की माझ्यासारख्या परक्याला त्यात काही खटकण्याचे कारणच नव्हते. तुम्ही मात्र व्हिडिओ आणि मजकूर शेजारी ठेवून एकेक वाक्य ऐकलेत, आणि वाक्यांच्या शेवटी येणारे छोटे अव्यय गळून गेले आहेत, हे दाखवून दिलेत.

त्यांतले ‘वो’ हे अव्यय मी कधी विसरणार नाही. कँटोनीजमध्ये सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो; पाचव्या, म्हणजे खालून वर चढणाऱ्या सुरात ते उच्चारले की वक्ता ऐकीव गोष्ट सांगत असतो; आपल्या ‘म्हणे’चे काम ते करते. आग प्रथम कोणत्या गल्लीत दिसली हे सांगताना एका आजीबाईंनी वाक्याच्या शेवटी हा ‘वो’ लावला होता. यंत्राने तो वगळला आणि शेजाऱ्यांकडून कानावर आलेली गोष्ट प्रत्यक्षदर्शीची साक्ष होऊन बसली. मौखिक इतिहासात याहून मोठी हानी मला सुचत नाही. तसेच्या तसे अव्यय उतरवूनही काम भागत नाही, हेही तुम्ही समजावलेत, कारण तिसऱ्या, सपाट सुरातला ‘वो’ लक्ष वेधण्यासाठी किंवा नवल दाखवण्यासाठी येतो आणि दोन्ही ‘वो’ बहुधा एकाच अक्षराने लिहिले जातात. म्हणून अशा प्रत्येक जागी तुम्ही ज्युत्पिंगमधला उच्चार आणि त्यापुढे सुराचा आकडा लिहून दिलात. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ साली आखलेली ही रोमन लेखनपद्धती सहा सुरांना एक ते सहा असे आकडे देते. तुमच्या त्या आकड्यांमुळे कोणती माहिती पाहिलेली आणि कोणती ऐकलेली, हे कँटोनीज न येणाऱ्या वाचकालाही ओळखता येते.

एका आजोबांच्या बोलण्यात दक्षिण चीनमधील तोइसानकडच्या वेगळ्या बोलीची धाटणी होती. तिथे यंत्राचा मजकूर जवळजवळ निरुपयोगी ठरला, आणि तुम्ही तो सगळा भाग स्वतः ऐकून नव्याने लिहून काढलात. स्वतःला न समजलेल्या जागा तुम्ही अंदाजाने भरल्या नाहीत, वेळेच्या नोंदीसह मोकळ्या सोडल्यात, याबद्दल माझ्या मनात विशेष आदर आहे.

इतकी वर्षे हाँगकाँगमध्ये संसार करताना बाजारात, शेजारात आणि रुग्णालयाच्या रांगांत तुम्ही जी भाषा आत्मसात केलीत, तिचा उपयोग एका अनोळखी अभ्यासकासाठी, कसलाही मोबदला न घेता, तुम्ही केलात. मानधनाचा विषय काढला तेव्हा, या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे नीट उतरले म्हणजे झाले, असे तुम्ही म्हणालात.

तुमच्या सूचनेप्रमाणे यंत्राचा कच्चा मजकूर आणि तुम्ही तपासलेला मजकूर, असे दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवून सहकाऱ्यांच्या संग्रहात जमा केले आहेत आणि मुलाखती देणाऱ्यांच्या कुटुंबांनाही त्यांच्या प्रती दिल्या आहेत. आजीबाईंच्या त्या वाक्यापुढे आता ‘वो’ आहे आणि त्याच्यापुढे पाचचा आकडा आहे. या सर्व साहाय्याबद्दल मी तुमचा अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
गृहनिर्माणाचा एक अभ्यासक, मुंबई