उलटी बाजूही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटवर पाहायला मिळणाऱ्या जुन्या-नव्या भरतकामाबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखातले कौतुक मनापासून पटले, कारण झोपण्यापूर्वीचा माझा अर्धा तास रोज अशीच चित्रे मोठी करकरून बघण्यात जातो. फक्त एक गोष्ट खटकली. सोबतची सगळी छायाचित्रे सुलट बाजूची होती. भरतकाम करणारी बाई दुसऱ्याचे काम हातात आले की आधी ते उलटून पाहते. गाठी किती मारल्या, दोरा तोडला की तसाच पुढे ओढत नेला, कुठले टाके उसवून पुन्हा घातले, हे सारे तिथे कळते.

फ्रान्समधल्या बायू टॅपेस्ट्रीचेच बघा. टॅपेस्ट्री म्हणजे चित्रे विणून काढलेले कापड; पण नाव तसे असले तरी ही विणलेली नाही. जवळपास ७० मीटर लांबीच्या लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्यांनी ती भरली आहे. इंग्लंडमधली १०६६ची हेस्टिंग्जची लढाई, घोडे, जहाजे, आकाशातला धूमकेतूसुद्धा तिच्यात आहे. १९८२-८३मध्ये तिचे अस्तर काढले आणि मागच्या बाजूचीही छायाचित्रे घेतली. शतकानुशतके उजेड न लागल्यामुळे तिकडचे रंग जास्त टिकले आहेत. नंतरच्या डागडुजीचे टाके कोणते, याचा मागही उलटीकडूनच नीट लागतो. आकृत्या भरताना लोकर पृष्ठभागावर आडवी पसरून बारीक टाक्यांनी दाबली आहे. त्यामुळे पुढे भरगच्च दिसणारा घोडा मागून अगदी विरळ दिसतो. लोकर वाचवायची ही युक्ती पुढून कितीही निरखले तरी हाती लागत नाही.

फक्त फोटोवर विसंबले की काय होते, त्याचा गमतीदार दाखलाही याच टॅपेस्ट्रीचा आहे. इंग्लंडमधल्या लीक गावच्या स्त्रियांनी १८८५-८६मध्ये तिची पूर्ण आकाराची नक्कल भरली. ती आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. नमुना म्हणून त्यांच्या हाती आली होती ती छायाचित्रांवरून केलेली रेखाटने, आणि त्यांत कोणीतरी किनारीतल्या नग्न पुरुषाला आधीच चड्डी चढवली होती. बायकांनी ती इमानेइतबारे भरली!

आज आपण भरतकामाची जी चित्रे एकमेकांना पाठवतो त्यांवर तर माहितीची साधी ओळसुद्धा नसते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एलिझाबेथ पार्करने साधारण १८३०मध्ये भरलेले एक कापड आहे. त्यावर फूल नाही, पान नाही, नुसती लाल रेशमाची फुलीटाक्यातली अक्षरे. घरकामाला असताना मालकाने केलेला छळ आणि जीव देण्याचा मनात आलेला विचार तिने त्यात सांगितला आहे. आपल्या आत्म्याचे काय होणार, असे विचारता विचारता मजकूर मध्येच तुटतो आणि खाली कोरे कापड उरते. हे चित्र कुणी ‘किती सुबक अक्षरे!’ एवढेच लिहून पुढे पाठवले, तर त्या मुलीने सुई हातात का घेतली ते कोणाला कळणार?

नमुने पुढे पाठवण्याला माझी हरकत नाही, उलट आनंद आहे. सोळाव्या शतकातल्या छापील नमुन्यांच्या वह्या थोड्याच उरल्या, कारण बायका त्यांच्या पानांना रेघांवरून सुईने भोके पाडत आणि त्यांतून पूड चोळून नक्षी कापडावर उतरवत. वापरात पान फाटून जाई. आता मूळ वस्तूला हात न लावता नक्षी हवी तितक्या जणींपर्यंत पोचते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७मध्ये पावणेचार लाखांहून अधिक चित्रे कोणालाही वापरायला मोकळी केली, त्याबद्दल त्यांचे मानावे तेवढे आभार थोडे.

अलीकडे मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआयने) रचलेली ‘भरतकामे’ही त्यांत मिसळू लागली आहेत. पाकळीतला दोरा मध्येच विरघळतो, सुई कुठून वर आली ते सापडत नाही. अशा चित्राला मागची बाजू नसतेच.

म्हणून विनंती, की पुरवणीत यापुढे भरतकामाचे चित्र छापाल तेव्हा शक्य असेल तिथे उलट बाजूही छापावी. कापड, दोरा, टाका आणि काळ सांगणारी एक ओळ, माहीत असेल तर करणारीचे नावही द्यावे. माझ्या एका कामाचे दोन्हीकडचे फोटो सोबत जोडले आहेत. हिरवा दोरा संपल्यावर दुसऱ्या छटेचा घेतला, ते पुढून कोणाच्या लक्षात आलेले नाही. मागे बघाल तर लगेच दिसेल.

आपली,
एक वाचक