ताई, तुमच्या क्लिनिकच्या कोपऱ्यात मला उभं राहू दिलंत म्हणून

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

फिजिओथेरपी शिकायला मी केलेल्या प्रवेशअर्जासाठी तुम्ही, एक फिजिओथेरपिस्ट म्हणून, लिहिलेलं शिफारसपत्र मी आजतागायत वाचलेलं नाही. अर्ज भरताना ‘हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडत आहे’ या ओळीपुढे मीच खूण केली होती. अशी खूण असली की शाळा त्या पत्रावर जास्त विसंबतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. त्यामुळे तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलंत ते मला कळणार नाही. मी तुमच्याबद्दल लिहिते आहे ते मात्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं. तिशी-चाळिशीत नोकरी सोडून फिजिओथेरपीकडे वळू पाहणारे मराठी लोक मला इथे न्यू जर्सीत भेटत असतात. त्यातल्या बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं. त्यांना आत येऊन बघू देणारं कुणी मिळत नाही.

मला तुम्ही मिळालात. उन्हाळ्यात माझा डीपीटीचा (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे फिजिओथेरपीची इथली पदवी) वर्ग सुरू होतोय.

आपली ओळख मराठी शाळेतली. मुलं वर्गात गेली की आपण पालक बाहेर चहा घेत बसायचो. सांगलीला बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षीची ही गोष्ट. मी रजा टाकून गेले होते. रोज सकाळी एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी यायचा, बाबांना पलंगाच्या कडेला बसवायचा, तोल सांभाळायला लावायचा. हळूहळू बाबा काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागले. परत येऊन मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला बसले, पण मन तिथेच राहिलं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा ‘वा, छान विचार आहे’ असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, “बाबांसाठी जे वाटलं ते खरं आहे. पण हे काम अनोळखी माणसांसाठी करायचं असतं, दिवसभर आणि रोज. फी भरायच्या आधी ते बघ. गुरुवारी क्लिनिकवर ये.”

‘गुरुवारी ये’ या दोन शब्दांची किंमत मला नंतर कळली. मी आणखी कितीतरी क्लिनिकना ईमेल केले, फोन केले. कुणाचं उत्तर आलं नाही, तर कुणी विम्याचं कारण दिलं. त्यांचंही चूक नाही. बाहेरचा माणूस आत घ्यायचा म्हणजे रुग्णांच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण, टीबीची चाचणी, फ्लूची लस, प्रत्येक रुग्णाची परवानगी, एवढं सगळं आलं. शिवाय त्या थेरपिस्टला याचा एक पैसा मिळत नाही. आणि शाळा मात्र विचारतात की तुम्ही किती तास निरीक्षण केलं, कुठे केलं, कोणत्या परवानाधारक पीटीने (फिजिओथेरपिस्टला इथे फिजिकल थेरपिस्ट, थोडक्यात पीटी म्हणतात) ते तपासून दिलं. करोनानंतर काही शाळांनी ही अट सैल केली, पण तास असलेला अर्ज आणि नसलेला अर्ज यांत फरक पडतोच. म्हणजे या व्यवसायाचं दार उघडायचं तर आत असलेल्या कुणीतरी आपला वेळ फुकट द्यावा लागतो. तो तुम्ही दिलात, आणि तोही कधी उपकार म्हणून बोलून न दाखवता.

या वयात व्यवसाय बदलणं अमेरिकेत शक्य तरी आहे, हेही मला तुमच्याकडूनच समजलं. महाराष्ट्रात बी.पी.टीएच.ला (फिजिओथेरपीच्या पदवीला) बारावीनंतर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन जायचं, मग चार वर्षं आणि वर इंटर्नशिप. चाळिशीतली इंजिनिअर तिथे पुन्हा अकरावी-बारावीच्या मुलांच्या रांगेत लागणार. इथे २०१६पासून मान्यताप्राप्त प्रत्येक शाळा डॉक्टरेटचीच पदवी देते. ती पदवीनंतरची साधारण तीन वर्षं, आणि पहिली पदवी कशातली आहे याला अडसर नाही. इंग्रजी साहित्य असो, कॉम्प्युटर असो, ठरलेले विज्ञानाचे विषय पुरे केले की अर्ज करता येतो. तुमची स्वतःची वाट याच्या बरोबर उलटी होती. तुम्ही परळच्या केईएममध्ये शिकलात. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भारतातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, ती तिथेच. तिथून शिकून, वॉर्डांत उमेदवारी करून तुम्ही इथे आलात, तर तुमच्या सगळ्या कागदपत्रांची इथल्या अभ्यासक्रमाशी विषयवार तुलना झाली, कमी पडलेले विषय पुन्हा द्यावे लागले आणि मग कुठे परवान्याच्या परीक्षेला बसता आलं. येत असलेलं काम करायला परवानगी मिळेपर्यंत थांबणं काय असतं, हे तुम्हाला माहीत होतं. बाहेर थांबलेल्या माणसाला तुम्ही आत का घेता, याचं कारण मला वाटतं यात आहे. तुम्ही ते कधी बोलला नाहीत, म्हणून मी बोलते.

आता त्या कोपऱ्याबद्दल. पॅरलल बार्सच्या (पेशंटने धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांच्या) टोकाला, टॉवेलच्या कपाटाशेजारी माझी जागा. कशाला हात लावायचा नाही, मधे बोलायचं नाही. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की तुमचा एकच प्रश्न असायचा, “आज काय बघितलंस?” सुरुवातीला मी व्यायामांची नावं सांगायचे. तुम्ही म्हणायचात, “ते यूट्यूबवर पण दिसतं. माणूस काय करत होता ते सांग.”

एक गुजराती बा यायच्या, गुडघ्याचा सांधा बदललेल्या. (ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही.) तुम्ही गोनिओमीटर, म्हणजे सांधा किती वाकतो ते मोजायचं साधन, त्यांच्या गुडघ्याला लावायचात. लांब पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत, आणि मधल्या चकतीवरचा आकडा वाचायचा. नव्वद अंशांपर्यंत वाकला की खुर्चीत नीट बसता येतं, त्यापुढे जिने आणि गाडीत बसणं सोपं होत जातं. सगळे त्या आकड्यावर खूश होते, बा सोडून. तुम्ही गोनिओमीटर बाजूला ठेवलात, स्टूल ओढून त्यांच्या समोर बसलात आणि गुजराती-हिंदीच्या मिश्रणात विचारलंत, “घरी काय करता येत नाहीये?” तेव्हा कळलं की त्यांना पूजेला बसता येत नव्हतं. मांडी घालून बसणं आता कधीच नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या दिवसापासून त्यांनी देवाला हात लावला नव्हता. तुम्ही सर्जनच्या ऑफिसला फोन करून किती वाकवलेलं चालेल ते विचारून घेतलंत. मुलाला सांगून देव्हारा टेबलावर चढवायला लावलात, आणि पुढचे काही आठवडे बांकडून उंच स्टुलावर बसणं, उठणं, पुढे वाकून फूल ठेवणं, याचाच सराव करून घेतलात. फाइलमध्ये उद्दिष्ट म्हणून तुम्ही तेच लिहिलंत: रोज पंधरा मिनिटं बसून पूजा करता येणे. विमा कंपनीला अंश लागतात म्हणून अंशही लिहिलेत, पण खालच्या ओळीत.

त्या संध्याकाळी ‘काय बघितलंस’चं उत्तर मी न अडखळता दिलं.

एकाच प्रकारच्या जागेतलं निरीक्षण पुरत नाही, हॉस्पिटलमधलंही हवं, म्हणून तुम्ही तुमच्या मैत्रिणीला शब्द टाकलात आणि मला एका मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात उभं राहता आलं. तिथे मी पाहिलं की माणसाला पलंगावरून उठवायचं काम उठवण्याच्या खूप आधी सुरू होतं. सलाइनची नळी कुठून कुठे जाते ते बघायचं, लघवीची पिशवी सोडवून पलंगाच्या योग्य बाजूला घ्यायची, खुर्ची बऱ्या बाजूला ओढायची, तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे चढवायचे, कमरेला पट्टा बांधून दोन बोटं आत जातात का ते पाहायचं. झोपलेलं असताना रक्तदाब, बसवल्यावर पुन्हा रक्तदाब. वरचा आकडा वीसने उतरला तर थांबायचं, पावलं हलवायला सांगायचं, डोळ्यांकडे बघत राहायचं. मग थेरपिस्ट अशक्त बाजूला उभी राहते, पट्टा धरते आणि म्हणते, “नाक पायाच्या बोटांच्या वर येईल एवढं पुढे झुका.” पुढे झुकल्याशिवाय वजन पायांवर येत नाही आणि वजन पायांवर आल्याशिवाय माणूस उठत नाही. बाबांना सांगलीत तो तरुण मुलगा हेच करायला लावत होता. तेव्हा मला फक्त बाबांचा चेहरा दिसला होता. आता त्याचे हात कुठे होते तेही आठवलं.

अभ्यासाचं सांगायचं तर तो मोठा आणि सरळ होता. माझं फिजिक्स-केमिस्ट्री इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं, आणि बऱ्याच शाळांना ते अलीकडच्या वर्षांतलं, लॅबसकट हवं असतं. बायॉलॉजी तर दहावीनंतर नव्हतंच. एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग केले, ऑफिस सांभाळून. खांद्याच्या रोटेटर कफचे चार स्नायू मला पाठ होईनात, तेव्हा तुम्ही माझा हात माझ्याच खांद्यामागे नेऊन एकेक जागा दाबून दाखवलीत आणि प्रत्येक स्नायू हात कुठे फिरवतो ते करून घेतलंत. सबस्कॅप्युलॅरिस पुढून आहे आणि हात आत वळवतो, हे मी आता झोपेतही सांगेन.

पैशांचं बोलणं लोक टाळतात. तुम्ही टाळलं नाहीत. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्ही आम्हा दोघांकडून कागदावर हिशोब मांडून घेतलात. तीन वर्षं एक पगार नाही, अनेक खासगी शाळांची नुसती फी लाख डॉलरच्या वर, आणि बाहेर पडल्यावरचा पीटीचा पगार सॉफ्टवेअरच्या पगारापेक्षा कमी असू शकतो. आधी सरकारी विद्यापीठं बघा म्हणालात. माझ्या नवऱ्याला तुम्ही थेट विचारलंत, “तुमची तयारी आहे ना? नंतर हिच्यावर ओरडायचं नाही.” तुमच्या आधी हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या रात्री आम्ही खूप वेळ बोललो, आणि निर्णय दोघांचा झाला. शरीराबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात: हे काम पाठीवर आणि गुडघ्यांवर येतं, पलंगाची उंची आपल्या कमरेला जुळवल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव.

आणि निबंध. साडेचार हजार अक्षरांची मर्यादा, मोकळ्या जागा धरून. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ असं होतं. त्यावर तुम्ही पेन्सिलीने रेघ ओढून बाजूला लिहिलंत, ‘सगळ्यांनाच आवडतं. तू काय बघितलंस?’ मग विचारलंत की टेस्टिंगमध्ये तू दिवसभर नेमकं काय करतेस. मी सांगितलं की बिघाड दिसला की तो पुन्हा घडवून बघायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दुसऱ्याला कळेल असं लिहून ठेवायचं. तुम्ही म्हणालात, “मग आम्ही तपासताना वेगळं काय करतो? दुखणं नेमकं कशाने उठतं ते बघतो, एक गोष्ट बदलतो, पुन्हा तपासतो, फाइलमध्ये लिहितो.” पंधरा वर्षांची नोकरी अर्जात कुठे लपवावी याच्या विवंचनेत मी होते. तुम्ही ती निबंधाच्या मध्यभागी आणून ठेवलीत. मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्यावरच आला.

काही शाळांत अर्ज येतील तशा जागा भरत जातात, म्हणून जूनमध्ये अर्ज उघडताच पाठव, सप्टेंबरची वाट बघू नकोस, असा तुमचा धोशा होता. तो पाळला. नकार आले, एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागलं, आणि मग सरकारी विद्यापीठाचा होकार आला. फोनवर तुम्ही आधी अभिनंदन केलंत आणि लगेच विचारलंत की शाळा घरापासून गाडीने किती लांब आहे. डिपॉझिट भरायच्या आधी सकाळच्या ट्रॅफिकमध्ये एकदा जाऊन ये, असंही सांगितलंत. मी गेले होते. जमेल.

ताई, एक विनंती आहे. माझ्या ऑफिसात नाशिकची एक मुलगी आहे, बिझनेस ॲनालिस्ट. तिने तीन महिन्यांत बऱ्याच क्लिनिकना लिहिलं, कुठून उत्तर नाही. टीबीची चाचणी आणि फ्लूची लस मी तिला घ्यायला लावली आहे, गोपनीयतेचं ऑनलाइन प्रशिक्षणही ती या आठवड्यात पुरं करेल. माझा गुरुवार आता रिकामा झाला आहे. तो तिला देता येईल का? तुमच्याकडे शक्य नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मी हॉस्पिटलमधल्या तुमच्या मैत्रिणीला विचारून बघेन.

तुमची कृतज्ञ,
टॉवेलच्या कपाटाशेजारची विद्यार्थिनी