अंगठी फिरवून बघणाऱ्या ताईंना

यवतेश्वर घाटात पाण्याच्या टेबलामागे उभ्या असलेल्या ताई,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावून सांगितलंत, म्हणून हे पत्र नाव न घेता लिहितो आहोत. पण ते चारचौघांत लिहायचंच होतं, कारण तुम्ही जे केलंत ते हाफ मॅरेथॉन पळणाऱ्या प्रत्येकाने आणि पाण्याच्या टेबलामागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन. परतीचा उतार. आमच्या गटातली मैत्रीण तुमच्या टेबलाशी येऊन थांबली तेव्हा तिचं डोकं जड झालं होतं, मळमळत होतं, पाय लटपटत होते. मागून येणारा जो तो सांगत होता, ‘पाणी द्या तिला, पाणी द्या.’ भरलेला ग्लास तुमच्या हातातच होता. तो तुम्ही खाली ठेवलात, तिचा हात हातात घेतलात आणि तिच्या बोटातली अंगठी फिरवून बघितलीत. अंगठी हलेना. ‘सकाळी फिरत होती का गं?’ तुम्ही विचारलंत. फिरत होती. मग पुढचे प्रश्न: तहान लागलीय का? पोटात पाणी डुचमळतंय का? सकाळपासून किती प्यालीस? शेवटची लघवी कधी झाली?

त्या वेळी पाणी देणं सगळ्यात सोपं होतं. तुम्ही ते दिलं नाहीत, आणि त्याबद्दल आम्ही तुमचे आभार कसे मानावेत हे अजून उमगत नाही.

पळताना माणूस लटपटला की अंगातलं पाणी कमी झालं, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की दुसरी शक्यता कुणाच्या मनातही येत नाही. ती शक्यता म्हणजे पाणी जास्त होणं आणि रक्तातलं सोडियम उतरणं. सोडियमची नेहमीची पातळी लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल असते. आमटीत तांब्याभर पाणी वाढवलं की मीठ तेवढंच राहूनही ती अळणी होते, तसंच रक्ताचं होतं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी घट्ट होते, इतकंच. मेंदू मात्र कवटीत कोंडलेला असतो, त्याला फुगायला जागा नसते. म्हणून आधी डोकं जड होतं आणि मळमळतं, मग उलट्या, बरळणं, आणि वेळीच ओळखलं नाही तर झटके आणि बेशुद्धी.

बोटं थोडीफार तर धडधाकट पळणाऱ्याचीही सुजतात. नुसत्या अंगठीवरून काहीच ठरत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही पुढचे प्रश्न विचारलेत. पाणी कमी झालेल्याला तहान असते, जीभ कोरडी पडते, वजन घटलेलं असतं. पाणी जास्त झालेल्याला बहुधा तहान नसते, पोट तुडुंब असतं, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला असतो. मळमळ, चक्कर आणि थकवा दोन्हीकडे सारखेच. फरक फक्त विचारल्यावर कळतो, आणि विचारायला अर्धा मिनिट लागतो.

तिचा हिशेब आम्ही नंतर मांडला. वजन ४८ किलो. बाईच्या शरीरात वजनाच्या साधारण निम्मं पाणी धरतात, म्हणजे २४ लिटर. उठल्यापासून सुरुवातीच्या रेषेपर्यंत एक लिटर आणि वाटेत प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास मिळून अडीच लिटर, एकूण साडेतीन. पावसाळी गारवा, वर घाटात धुकं आणि वारा, आणि तिचा वेग सावकाश. अशा हवेत तासाला अर्ध्या लिटरपेक्षा फारसा जास्त घाम जात नाही, म्हणजे तीन तासांत दीड लिटर. लघवी नाही. दोन लिटर पाणी अंगातच राहिलं. सुरुवातीचं सोडियम १४० धरलं, तर १४० गुणिले २४, भागिले २६: उत्तर १२९. रुग्णालयातल्या तपासणीतही सोडियम १२९ निघालं. ढोबळ गणित इतकं तंतोतंत जुळणं हा योगायोग आहे, कारण घामातून थोडं सोडियमही गेलेलं असतं. पण गणिताची दिशा हीच.

लघवी का झाली नाही, हेही सांगायला हवं, कारण ‘जास्त झालेलं पाणी निघून जाईलच की’ असं पुष्कळांना वाटतं. बसल्या जागी ते निघून जातं. लांब पळताना मात्र शरीर व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडत राहतं आणि ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं. मळमळ आणि वेदना यांनी ते आणखी वाढतं. शर्यतीच्या सकाळी खबरदारी म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेणारे असतात, त्यांचा धोका त्यात आणखी वाढतो. तुम्ही तिला गोळी घेतली का तेही विचारलंत. सुदैवाने घेतली नव्हती.

आता थोडं कडू. ‘तहान लागायच्या आधी प्या, एकही टेबल सोडू नका’ हे तिला एका दुसऱ्या शर्यतीच्या आधी व्यासपीठावरून सांगितलं गेलं होतं, आणि तिने ते मनापासून पाळलं. सांगणाऱ्याने समोर ४८ किलोची सावकाश पळणारी बाई आहे की ८० किलोचा दीड तासात संपवणारा गडी, हे बघितलं नाही. त्या शर्यतीत तर एका पळणाऱ्याला हीच लक्षणं दिसत असताना बाटलीमागून बाटली पाजली आणि मग काहीही न तपासता सलाइन लावलं. मूत्रपिंड पाणी सोडायला तयार नसताना ०.९ टक्क्यांचं साधं सलाइनही उलटू शकतं. तिथल्या तंबूत सोडियम मोजायचं यंत्र नव्हतं, हे समजू शकतो. ‘किती प्यालात?’ हा प्रश्न विचारायला कुठलंच यंत्र लागत नाही. त्याचा राग आम्हाला अजून आहे आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

ही काही कालपरवाची माहितीही नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्के जणांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं, आणि तिघांचं १२० किंवा त्याहूनही कमी. त्याच शर्यतीत एका धावपटू महिलेचा याच कारणाने मृत्यू झाला. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त वेळ लागला त्यांना धोका अधिक, हे त्यात स्पष्ट होतं. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेचा १९९६ चा सल्ला तासाला ६०० ते १२०० मिलिलिटरचा होता. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडला जमलेल्या तज्ज्ञांनी साधी गोष्ट सांगितली: तहान लागेल तेवढं प्या. आपल्याकडे कित्येक व्यासपीठांवर अजून १९९६ सालच चालू आहे.

पुढे तुम्ही जे केलंत तेही नोंदवून ठेवतो. तिला चालू दिलं नाहीत. पाठीला आधार देऊन बसवलंत, ओला टी-शर्ट अंगाला चिकटला होता म्हणून वरून कोरडं पांघरूण घातलंत. पळणं थांबलं की दहा मिनिटांत अंग गार पडतं, आणि घाटातल्या वाऱ्यात तर लवकरच. मग रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना फोन लावून लक्षणं सांगितलीत, त्यांच्याच सांगण्यावरून १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ कालवलंत, लिंबू पिळलंत आणि घोट-घोट दिलंत. अर्धा चमचा म्हणजे साधारण तीन ग्रॅम. हे झालं ३ टक्क्यांचं द्रावण. गंभीर रुग्णाला रुग्णालयात शिरेतून १०० मिलिलिटर देतात ते याच ताकदीचं, आणि गरज पडली तर दहा-दहा मिनिटांनी तीनदा. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, गिळता येत असेल आणि उलट्या होत नसतील तरच तोंडाने द्यायचं, हे तुम्ही शेजारच्या पोरांना तिथल्या तिथे समजावून सांगितलंत. बरळणाऱ्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, त्याला कुशीवर वळवायचं आणि गाडी बोलवायची.

एक काका खिशातून ओआरएसचं पाकीट काढून पुढे आले होते. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण नीट कालवलेल्या ओआरएसमध्येही लिटरमागे ७५ मिलीमोल सोडियम असतं, म्हणजे रक्ताच्या निम्म्याच्या आसपास. खेळाडूंसाठी म्हणून विकली जाणारी गोड पेयं तर बहुतेक २० च्या घरात. ज्याचं पाणी आधीच जास्त झालंय त्याला हे लिटरभर पाजलं तर भर पाण्यातच पडते. त्यातून एक लिटरचं पाकीट दीड-दोन लिटरच्या बाटलीत रिकामं करायची सवय घरोघरी आहे. तुम्ही काकांना न दुखावता ‘हे जुलाबाला उत्तम, आत्ता नको’ म्हणालात. ते बोलणंसुद्धा आम्हाला शिकण्यासारखं वाटलं.

साताऱ्याच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल लिहायला लागलो तर पत्र संपायचं नाही. पोलीस कवायत मैदानापासून समर्थ मंदिरापर्यंत भल्या सकाळी दारात उभी राहून टाळ्या वाजवणारी घरं, हात पुढे करून टाळी मागणारी शाळेतली मुलं, चढावर ‘झालं, आलं वर’ म्हणणारे आजोबा. ओळख ना पाळख. कुणाला वेळेचं घड्याळ बघायचं नसतं, कुणाला पदक मिळायचं नसतं. ज्या गावात मित्रमंडळींसोबत शनिवारी उतरायचं, खानावळीत जेवायचं, रविवारी पळायचं आणि संध्याकाळी परत निघायचं, त्या गावाने पाहुण्यांसाठी एवढं करावं, ही साधी गोष्ट नाही. त्यातही काही माणसं हातात आहे ते देऊन मोकळी होत नाहीत. समोरच्याला काय हवं ते आधी बघतात. तशी माणसं थोडी असतात. तुम्ही तशा आहात.

तुमच्या त्या पाच प्रश्नांनी आमच्या गटाची रीत बदलली. आता प्रत्येकाने लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करायचं, तेही ओले कपडे काढून आणि अंग पुसून. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवायचं आणि पळालेल्या तासांनी भागायचं, म्हणजे आपला तासाचा आकडा कळतो. हा आकडा एप्रिलमध्ये वेगळा, जुलैत वेगळा, म्हणून दोन्ही ऋतूंत मोजायचा. तो प्यायचं लक्ष्य म्हणून वापरायचा नाही. फक्त वरची मर्यादा म्हणून. सराव संपल्यावर वजन वाढलेलं दिसलं, अगदी पाव किलोनेही, तर पिणं जास्त झालं. सुरुवातीच्या आधी दोन तास एक-दोन ग्लास पुरे, शेवटच्या क्षणी बाटली रिकामी करायची नाही. टेबल आलं म्हणून प्यायचं नाही. चूळ भरून पुढे गेलं तरी चालतं. वेदनाशामक गोळी पळण्याच्या दिवशी नाही. आणि कुणी लटपटलं तर पाण्याच्या आधी प्रश्न.

कोसळणं कुठे झालं तेही बघायला शिकलो. शेवटची रेषा ओलांडून एकदम थांबल्यावर घेरी आली तर बहुतेक वेळा रक्त पायांत साचलेलं असतं. आडवं करून पाय उंच केले की काही मिनिटांत माणूस बोलायला लागतो. रेषेच्या आधीच, पळता-पळता कुणी कोसळलं तर मात्र गोष्ट गंभीर धरायची: सोडियम, उष्माघात, हृदय, रक्तातली साखर. अंग तापलेलं असून माणूस बरळत असेल तर आधी बर्फ-पाण्याने गार करणं, मग गाडी. हे सगळं तुम्ही मीठ विरघळेपर्यंतच्या वेळात सांगितलंत.

मैत्रीण आता पूर्ण बरी आहे. तिला रुग्णालयात एक रात्र ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी घाईने सलाइन न चढवता पाणी बंद ठेवून लघवी सुटण्याची वाट पाहिली आणि सोडियम पुन्हा-पुन्हा तपासलं. त्यांचेही आभार. सोबत दिलेल्या चिठ्ठीवर तुम्ही लिहिलेली वेळ, प्यालेल्या पाण्याचा अंदाज आणि दिलेलं मीठ बघून ते म्हणाले की अशी चिठ्ठी त्यांना क्वचितच मिळते. ती चिठ्ठी तिच्या बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागच्या बाजूला लिहिलेली होती. आम्ही आता आमच्या बिबच्या मागे वजन, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा फोन आधीच लिहून ठेवतो, आणि खाली प्यालेल्या पाण्यासाठी दोन ओळी मोकळ्या.

पुढच्या शर्यतीला आमच्यातले दोघे पळणार नाहीत. तुमच्या टेबलावर उभं राहायचं आहे. पहाटे किती वाजता यायचं, आणि मीठ, लिंबू, पांघरुणं यातलं काय-काय आम्ही आणायचं, तेवढं कळवा.

तुमचे ऋणी,
पुण्याहून आलेला पळणाऱ्यांचा एक गट